गावाच्या पाण्याचा ताळेबंद: कसा मांडायचा, कुठे चुकतो आणि अरब देशांकडून काय घ्यायचे

सोयाबीन घरात आले की वऱ्हाडात दोनच प्रश्न उरतात: भाव काय लागला, आणि आता गहू की हरभरा? पहिल्याचे उत्तर गावाच्या हातात नाही. दुसऱ्याचे आहे, पण ते बहुतेक ठिकाणी विहिरीत डोकावून दिले जाते. ‘पाणी आहे यंदा’ एवढ्यावर गहू पेरला जातो आणि ओंबी भरायच्या वेळी मोटर हवा ओढू लागते. ही डोकावण्याची जागा हिशेबाने कशी घ्यायची, ते पुढे क्रमाने दिले आहे. चार-पाच माणसे, एक टेप, एक ड्रम आणि एक वही एवढ्यावर काम होते.

या हिशेबात अरब देश वारंवार येतील. अरब लीगच्या २२ देशांपैकी १९ देश माणशी वर्षाला १,००० घनमीटर या टंचाईच्या रेषेखाली आहेत. जमिनीखालच्या पाण्याबाबत करता येण्याजोगी जवळपास प्रत्येक चूक त्यांनी आपल्याआधी, मोठ्या प्रमाणावर आणि तेलाचा पैसा ओतून करून पाहिली आहे. हजार-दीड हजार वर्षे टिकलेल्या काही पाणीवाटपाच्या पद्धतीही त्यांच्याचकडे आहेत. संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये ठरवलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे त्यांना लागू आहेत तशीच आपल्यालाही आहेत. आपल्या ग्रामपंचायत विकास आराखड्यातल्या नऊ संकल्पना त्यातूनच निघाल्या आणि त्यातली एक पुरेशा पाण्याच्या गावाची आहे. म्हणजे हा ताळेबंद काही वेगळा उपद्व्याप नाही, आराखड्याचे ते एक पान आहे.

मोजमाप: पाऊस, विहिरी, पंप

पावसासाठी सरळ भिंतीचे पर्जन्यमापक गावात दोन ठिकाणी लावा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते असावे. रोज सकाळी साडेआठला, एकाच माणसाने, वहीत नोंद करायची. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचा. रिकामी ओळ म्हणजे पाऊस नव्हता की माणूस नव्हता, हे नंतर कळत नाही. मंडळातल्या महावेध केंद्राचा (सरकारी स्वयंचलित हवामान केंद्राचा) आकडा ताडून पाहायला ठीक, पण त्यावर विसंबू नका. ऑगस्टमधली सर एका शिवारात बरसते आणि पलीकडच्या धुऱ्यावर टिपूस नसतो, हे सांगायला नको.

विहिरी १५ निवडा: पाच चढावरच्या, पाच मधल्या, पाच नाल्याकाठच्या. इथेच पहिली चूक होते. मोजणाऱ्यांना रस्त्यालगतच्या आणि नाल्याकाठच्या विहिरी सोयीच्या वाटतात, त्या सगळ्यात जास्त भरतात, आणि गाव कागदावर श्रीमंत होते. प्रत्येक विहिरीच्या काठावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून मोजा. तीस मीटरच्या टेपला खाली वजन बांधा. मोजण्याआधी निदान १२ तास पंप बंद हवा, नाहीतर उपसलेल्या विहिरीची पातळी मोजली जाते, जमिनीतल्या पाण्याची नाही. मोजणी वर्षातून दोनदा अटळ: मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. जानेवारी आणि मार्चची जमली तर उत्तम.

पंपाचा प्रवाह मोजायला दोनशे लिटरचा ड्रम घ्या आणि मोबाइलवर वेळ लावा. ड्रम ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ घनमीटर. (एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, असे पाच ड्रम.) पंपावर लिहिलेल्या अश्वशक्तीवरून प्रवाह काढू नका. पाच एचपीचा पंप उथळ विहिरीवर आणि खोल बोअरवर सारखे पाणी देत नाही.

जमेची बाजू

एक सूत्र पाठ करा: हेक्टर × मिलिमीटर × १० = घनमीटर.

उदाहरणासाठी ८०० हेक्टर शिवाराचे गाव घेऊ, पाऊस ७५० मिमी. ८०० × ७५० × १० = ६०,००,००० घनमीटर. हा आकडा ग्रामसभेत सांगितला की सगळे खूश होतात, म्हणून तो एकटा कधी सांगू नये. त्यातले बहुतेक पाणी पऱ्हाटी (कपाशी), तूर, सोयाबीन पितात, काही वाफ होते, काही नाल्याने निघून जाते. काळ्या पाषाणाच्या मुलखात जमिनीत खोल मुरणारा वाटा साधारण ६ ते १० टक्के धरावा. ८ टक्क्यांनी ४,८०,००० घनमीटर झाले.

आता हाच आकडा विहिरींकडून तपासा. मेमध्ये सरासरी पातळी ११.२ मीटर खोल, ऑक्टोबरमध्ये ७.२ मीटर, म्हणजे पाणी ४ मीटर चढले. पाषाणाच्या भेगा आणि मुरूम यात पाणी साठायला फार जागा नसते. शंभर लिटर खडकातून उपसता येणारे पाणी एक ते तीन लिटर. दोन टक्के धरले तर ८०,००,००० चौरस मीटर × ४ × ०.०२ = ६,४०,००० घनमीटर.

दोन आकडे जुळले नाहीत. जुळणारही नाहीत, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. विहिरी मुळातच पाणी लागेल तिथे खोदलेल्या असतात, त्यामुळे त्यांतली चढ सबंध शिवाराच्या चढीपेक्षा जास्त दिसते. नियम एकच: लहान आकडा घ्या. (पूर्णेचा गाळाचा भाग, सातपुड्याचा पायथा किंवा भंडारा-गोंदियाचा जुना खडक असेल तर दोन टक्क्यांचा आकडा चालणार नाही. तुमच्या भागाचा आकडा जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयातून घ्या.)

या ४,८०,००० मधून ३० टक्के सोडून द्या. नाल्याला हिवाळ्यात जी धार असते ती याच पाण्याची, आणि पुढचा पाऊस लांबला तर थोडी गंगाजळी हवी. उरले ३,३६,०००.

शेततळ्यांची भर यात घाला. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात, बाजूंना एकास एक उतार धरून, २,१९६ घनमीटर पाणी मावते. पण वरच्या ९०० चौरस मीटरवरून दिवसाला ५ मिमी वाफ धरली तरी रोज साडेचार घनमीटर जाते. चार महिन्यांत ५४० घनमीटर, म्हणजे पाव तळे. दहा तळ्यांचे हाती येणारे पाणी सुमारे १६,५०० घनमीटर. हे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलेल्या तळ्यांबद्दल आहे. बोअरचे पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरले असेल तर ते जमेत धरायचेच नाही. ते जमिनीखालचे, सावलीतले पाणी उन्हात आणून ठेवणे आहे. एका खिशातून दुसऱ्या खिशात, आणि दुसऱ्याला भोक.

खर्चाची बाजू

आधी माणसे आणि जनावरे. १,५०० माणसे, दिवसाला ५५ लिटर: वर्षाला सुमारे ३०,१०० घनमीटर. ६०० मोठी जनावरे, ५० लिटरने: १०,९५०. ४०० शेळ्या, ५ लिटरने: ७३०. मिळून ४२,००० धरा. हे पाणी वाटपात येत नाही, ते आधी बाजूला निघते.

शेतीला उरले ३,३६,००० + १६,५०० − ४२,००० = ३,१०,५०० घनमीटर.

आता ग्रामपंचायतीत बसून कोण काय पेरणार ते गट क्रमांकाने लिहून घ्या. हेक्टरी पाण्याचे ढोबळ आकडे असे: पाटाने भिजवलेला गहू, पाच-सहा पाणी, ४,००० घनमीटर. हरभरा पाटाने दोन पाणी, १,५००, तुषारने १,०००. कपाशीला शेवटी दोन-तीन पाणी, १,५००. संत्रा, भरात आलेली बाग, मोकाट पाण्याने ६,५०० आणि ठिबक व आच्छादनावर ५,०००.

आपल्या गावाचा मनसुबा: गहू ६० हेक्टर, हरभरा १५०, संत्रा २५. गणित: २,४०,००० + २,२५,००० + १,६२,५०० = ६,२७,५००. जमेच्या दुप्पट! असा आकडा निघाला की हिशेब चुकला असे समजू नका. फेब्रुवारीत विहिरी का आटतात, याचे उत्तर तोच आहे.

बसवायचे कसे? संत्र्याच्या बागा उपटता येत नाहीत, त्यांना ठिबक आणि आच्छादन: १,२५,०००. हरभरा १४० हेक्टर, सगळा तुषारवर: १,४०,०००. गहू १० हेक्टर, घरच्या पोळीपुरता: ४०,०००. बेरीज ३,०५,०००. गव्हाच्या उरलेल्या रानात ओलीवर करडई किंवा जवस, पण करडई ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली तरच; वरची ओल उडाली की उगवण विरळ होते.

शेवटचे काम म्हणजे घनमीटरचे तास करणे. शेतकऱ्याला ‘हेक्टरी १,००० घनमीटर’ कळून उपयोग नाही. तासाला १८ घनमीटर फेकणाऱ्या पंपाला ते ५६ तास होतात, एकराला साडेबावीस. वहीत आणि फलकावर तासच लिहा.

गव्हाचा हट्ट आणि ठिबकचा भ्रम

गहू कापायचा म्हटले की सभेत आवाज चढतो. तेव्हा सौदी अरेबियाचा दाखला उपयोगी पडतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या सरकारने जागतिक भावाच्या कितीतरी पट हमी दराने गहू घेतला. वाळवंटात खोल विहिरींवर गोल फिरणारे तुषार संच लागले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन ४० लाख टनांच्या आसपास गेले. देश गहू निर्यात करू लागला. पाणी होते हजारो वर्षांपूर्वी मुरलेले, पुन्हा न भरणारे. २००८ मध्ये सरकारने ही खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले आणि २०१६ पर्यंत ती थांबली. यातली बारीक गोष्ट पुढे आहे: गहू सुटला तशी अनेक मोठ्या शेतांनी लसूणघास लावला, जो बारा महिने पाणी पितो. मग चाऱ्यावरही निर्बंध आणावे लागले. एक पीक बंद करून भागत नाही. त्या जागी काय येणार, हे त्याच बैठकीत ठरवून लिहून घ्यावे लागते.

मोरोक्कोने दुसरी वाट धरली. २००८ च्या हरित योजनेत ठिबकला ८० ते १०० टक्क्यांपर्यंत अनुदान दिले. एकरी पाणी वाचले, पण वाचलेल्या पाण्यावर लोकांनी आणखी क्षेत्र भिजवले, टरबुजासारखी पिके वाळवंटाच्या कडेपर्यंत गेली आणि पातळी घसरतच राहिली. झागोरा आणि टाटा प्रांतांत शेवटी प्रशासनाला टरबुजावर मर्यादा आणि बंदी घालावी लागली. म्हणून ठिबकचा ठराव करताना क्षेत्राची मर्यादा त्याच ठरावात हवी. नळी बचत करत नाही. किती रान भिजवायचे हे ठरवणारा माणूस करतो.

फळबाग वाईट वर्षावर मोजा

सबंध ताळेबंदात एवढा एकच भाग पाळला तरी गाव बऱ्यापैकी सावरेल.

ओमानमध्ये डोंगरातून भुयारी पाटाने पाणी आणण्याच्या पद्धतीला फलज म्हणतात. असे तीन हजारांहून अधिक फलज आजही वाहतात; त्यातले पाच २००६ मध्ये जागतिक वारशात गेले, निझवाचा फलज दारिस त्यातलाच. तिथे जमिनीचे दोन भाग असतात. खजुराच्या बागा कायम, आणि त्या तेवढ्याच, जेवढ्या कमी पाण्याच्या काळातही जगवता येतील. बाकीचे रान हंगामी: धार मोठी असली की पेरायचे, बारीक झाली की पडीक सोडायचे. दुष्काळात रान आकसते, बाग मरत नाही.

आपल्याकडे नेमके उलटे होते. चांगल्या पावसाच्या दोन वर्षांत संत्र्याची कलमे लागतात, ती पाच-सहा वर्षांनी भरात येतात, आणि तोवर वाईट वर्ष येऊन ठेपते. मग बोअर. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात पाणी शेकडो फूट खाली गेले आणि बागांवर कुऱ्हाड आली, ती याच क्रमाने.

मोजायचे असे. गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात कमी पाऊस घ्या, समजा ४८० मिमी. ८०० × ४८० × १० = ३८,४०,०००. कमी पावसात जमीन आधी स्वतः पिते, म्हणून मुरण्याचा वाटा ८ नव्हे, ६ टक्के: २,३०,४००. त्याचे ७० टक्के: १,६१,२८०. माणसे-जनावरे वजा: १,१९,२८०. भागिले ५,००० म्हणजे जेमतेम २४ हेक्टर. गावात संत्रा आहे २५ हेक्टर. तेव्हा नवे एकही कलम लावायचे नाही. जुनी बाग निघाली तरच तेवढीच नवी.

तरीही टंचाई आलीच तर बागेत पाण्याआधी फळ कमी करा. झाडावरचा भार उतरवला, वाळक्या फांद्या काढल्या आणि आळ्यात सोयाबीनच्या कुटाराचे चार बोटे जाड आच्छादन दिले, तर झाड कमी पाण्यावर तग धरते. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याच्या) मोहात अर्धवट ताण देऊन (पाणी तोडून) मग पाणी न पुरणे सर्वात महागात पडते: बहार गळतो आणि झाडही खचते.

पाळी

सामायिक विहीर, बोडी (लहान तळे) किंवा बंधारा असेल तर वाटप वेळेने करा. ओमानात फलजच्या वाट्याचे माप आहे अथर, साधारण अर्धा तास. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ते मोजत. कारभार पाहणाऱ्याला वकील म्हणतात, कज्जे लढवणारा नव्हे, पाण्याचा हिशेब ठेवणारा. काही वाटे कुणाच्याच नावाचे नसतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून पाटाची दुरुस्ती चालते.

हे जसेच्या तसे उचलता येते. आठवड्याचे पंपतास मोजा, त्यातले दहा टक्के ‘देखभालीचे तास’ म्हणून बाजूला काढा, बाकीचे वाटेकऱ्यांत लावा. देखभालीचे तास दर महिन्याला गावातच बोलीने द्या. मोटर जळाली, वाल्व्ह फुटला की वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागत नाही, आणि मुळात सामायिक विहिरी याच वर्गणीपायी बंद पडतात. रात्रीची पाळी दर आठवड्याला एक घर पुढे सरकवा, नाहीतर ती कायम सर्वात गरिबाच्या किंवा एकट्या बाईच्या वाट्याला जाते. विंचूकाट्यात रात्री दोनला पाणी धरणे दर वेळी तिनेच का करावे?

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांचे (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातल्या तलावांचे) दुखणे हेच आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण तलाव सरकारकडे गेले आणि गाळ कुणी काढायचा, पाट कुणी साफ करायचा, याचा धनी उरला नाही. तलावाचे गाव असेल तर आधी देखभालीचे तास ठरवा, मग गाळ उपसा. उलट क्रमाने केलेले काम चार पावसाळ्यांत बुजते.

फुकटचे पाणी ओढणारा पंप

येमेनमध्ये सना शहराच्या खोऱ्यात खात नावाचे झुडूप पिकते, त्याची कोवळी पाने चघळतात. नगदी पीक, रोजचे गिऱ्हाईक, आणि वर्षानुवर्षे डिझेलवर अनुदान. विहिरी शेकडो मीटर खोल गेल्या. २०१५ नंतर युद्धात डिझेल मिळेना, तेव्हा लोकांनी सौर पंप बसवले. शेती तगली, पण उपशाला असलेला शेवटचा अडसर, इंधनाचा खर्च, तोही गेला.

आपल्याकडे साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे आणि मागेल त्याला सौर पंपही मिळतो. रात्रीचे ओलित सुटले, ही सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र पंप निवडताना विहिरीची आवक बघा. विहीर पूर्ण उपसा, पंप बंद करा आणि दोन तासांत पाणी किती चढले ते मोजा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर चढ म्हणजे सुमारे २८ घनमीटर. दोन तासांत ७० सेंटिमीटर चढले तर आवक तासाला १० घनमीटर. तिथे तासाला १८ फेकणारा पंप बसवला तर तो दुपारी बारालाच कोरडा फिरेल. सौर पंपाचा कंट्रोलर कोरडे चालणे ओळखून पंप थांबवतो, तो सेन्सर काही जण मुद्दाम काढून टाकतात. मग मोटर जळते. विहीर सोडून बोअर मारायचा विचार आला तर लक्षात ठेवा: भूजल अधिनियम २००९ नुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे. त्याखाली भेगांत जे पाणी लागते ते दरवर्षी भरत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडे खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइडही निघते. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पिण्याला वापरू नये.

बंधारे, थोडक्यात

दक्षिण ट्युनिशियाच्या मत्माता डोंगरात घळींना आडवे मातीचे बांध घालतात, त्यांना जेसूर म्हणतात. मागे गाळ साचतो, त्या गाळात ऑलिव्ह आणि अंजीर. बांध मातीचा, पण सांडवा (जादा पाणी निघून जायची वाट) दगडाचा, आणि त्याची उंची गाळाबरोबर वाढवत नेतात. आपले मातीचे नालाबांध फुटतात ते बहुतेक सांडव्यामुळेच: अरुंद ठेवलेला किंवा बांधाच्या अंगालाच चिकटवलेला. दुसरे कारण म्हणजे नुसत्या काळ्या मातीचा बांध. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पहिल्या पुरात पाणी भेगेतून शिरते. गाभ्यात काळी माती चालेल, वरून मुरमाचे जाड कवच हवेच, आणि पाया कठीण मुरमापर्यंत खोदून भरलेला.

कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) परतीचा पाऊस ओसरताच, नाल्याला धार असतानाच घाला. धार संपल्यावर घातलेले बरगे म्हणजे कोरड्या नाल्यावरचे शोभेचे दार. रबरी पट्ट्या सप्टेंबरमध्येच तपासा. एका सुटलेल्या पट्टीतून पंधरवड्यात अर्धा साठा निघून जातो. बरगे मेअखेर काढून कुलपात ठेवा.

सांडपाण्याचेही थोडक्यात. जॉर्डन आपल्या अस-समरा केंद्रातले शुद्ध केलेले सांडपाणी राजा तलाल धरणामार्गे खोऱ्यातल्या शेतीला देतो. गावात तेवढे नको. हापशीजवळचे पाणी परसबागेत वळवा, उरलेल्याला शोषखड्डा. भारी काळ्या मातीत मात्र खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, नाहीतर दोन महिन्यांत डबके होते.

खारपाण पट्ट्यात वेगळे नियम

अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या दोन्ही काठांना वरचा ताळेबंद अर्धाच लागू पडतो. तिथे पाणी आहे, पण ते खारे.

इजिप्तमध्ये १९७० साली आस्वानचे उंच धरण पुरे झाले. नाईलचा पूर थांबला, बारमाही पाणी आले, आणि जमीन धुऊन नेणारा पूर नसल्याने पाणी वर चढून मीठ साचू लागले. मग सरकारने लाखो हेक्टर रानाखाली दीडेक मीटरवर सच्छिद्र नळ्या टाकल्या. दक्षिण इराकमध्ये काही हजार वर्षांपूर्वी गहू कमी होऊन सातू वाढला, तोही क्षारांमुळे, असे अनेक अभ्यासक मानतात. सातूला मीठ जास्त सोसते. पाणी देणे जेवढे महत्त्वाचे तेवढेच ते बाहेर काढणे, हे तिथे उशिरा कळले.

इजिप्तच्या नळ्या मात्र इथे डोळे झाकून आणू नका. पूर्णा खोऱ्यातली माती फुगणारी, उतार जवळजवळ नाही, आणि दुखणे नुसते मिठाचे नसून सोडियमचे आहे. आधी बरणीची परीक्षा करा: वाटाण्याएवढे मातीचे कोरडे ढेकूळ काचेच्या बरणीत पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. दुसऱ्या दिवशी भोवती दुधाळ वलय दिसले तर जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली) होते आहे. ढेकूळ नुसते विरघळून खाली बसले आणि पाणी नितळ राहिले तर अजून वेळ आहे. चोपण निघाली तर माती तपासून जिप्समची मात्रा ठरवा, पावसाळ्याच्या तोंडावर ते वरच्या थरात मिसळा आणि पावसाला धुऊ द्या. पाणी निघून जायला उघडी चर हवीच. चर नसेल तर जिप्समचा पैसा पाण्यात, शब्दशः.

इथली विहीर ओलिताला वापरू नका. पहिल्या वर्षी हरभरा बरा येतो, तिसऱ्या वर्षी जमीन दगड होते. इथे शेततळे, तेही बिनअस्तराचे, कारण ही माती पाणी धरून ठेवते. त्यातल्या २,१९६ घनमीटरमधून वाफ वजा जाता दीड हेक्टर हरभऱ्याला दोन पाणी तुषारने सहज होतात.

ग्रामसभेत

ताळेबंद एका मोठ्या कागदावर, तीन ओळींत: जमा, पिण्याचे, शेतीला उरले. खाली पीकनिहाय तास. हरभऱ्याची पेरणी सुरू व्हायच्या आत, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच तो वाचायला हवा. दिवाळीनंतर वाचलेला ताळेबंद म्हणजे शवविच्छेदन. आदल्या वर्षीचा अंदाज आणि प्रत्यक्ष मेची पातळी शेजारी-शेजारी लावा, चूक निघाली तर ती लपवू नका. ठरावात पाच गोष्टी लिहून घ्या: हंगामी पिकांचे क्षेत्र, फळबागेची कमाल मर्यादा, पाळीचे तास, देखभालीचे तास आणि मोजणी करणाऱ्यांची नावे. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांच्या सह्या घेऊन प्रत विकास आराखड्याला जोडा.

दंडाचे कलम घालायचा आग्रह कुणीतरी धरेलच. पहिल्या वर्षी घालू नका. १५ विहिरींच्या पातळ्या प्रत्येक मोजणीनंतर पारावरच्या फळ्यावर खडूने लिहा, विहीरवाल्याच्या नावासकट. जानेवारीत कुणाची विहीर किती उतरली हे चहा पिता पिता सगळ्यांना दिसते, आणि पुढच्या ऑक्टोबरात कलम काय असावे ते लोकच सुचवतात.